मेढ रोवण्यापूर्वी

वाचकहो, घरी लग्नकार्य ठरले म्हणजे पहिली तयारी कोणती, हे आपणांस सांगावयास नको. पत्रिका, बस्ता, आचारी यांची धावपळ चालू असतानाच एका शुभ दिवशी अंगणात एक खांब उभा राहतो. त्याला हळदकुंकू लागते, आंब्याचा टहाळा बांधला जातो, सुवासिनी त्याची पूजा करतात. हीच मुहूर्तमेढ. हा विधी आपल्या मनात इतका रुजला आहे, की कोणत्याही चांगल्या कामाचा आरंभ झाला म्हणजे त्याची मुहूर्तमेढ रोवली असे आपण म्हणतो. शाळेची, वाचनालयाची, सहकारी संस्थेचीही मेढच रोवली जाते.

तमिळनाडूत हाच विधी 'पंदक्काल' या नावाने होतो. 'पंदल' म्हणजे मांडव व 'काल' म्हणजे पाय. तेव्हा मांडवाचा पहिला पाय, असा त्याचा अर्थ. तेथेही खांबाला हळदकुंकू लावतात, आंब्याची पाने बांधतात आणि खड्ड्यात नवधान्य व दूध घालतात. लग्नाप्रमाणेच देवळाच्या उत्सवाचा आरंभही याच विधीने होतो. भाषा निराळी, खांब तोच.

दोन्हीकडे आणखी एक गोष्ट सारखीच आहे. खांबाची पूजा सर्वजण करतात. खड्डा कोणी खणला, असे कोणी विचारीत नाही. हा लेख त्या खड्ड्याविषयी आहे, आणि तो खणणाऱ्या दोन माणसांविषयी आहे.

मध्यार्जुनाच्या शिवारात

त्यासाठी आपण कुंभकोणमच्या पूर्वेस आठ-नऊ किलोमीटरवर असलेल्या तिरुविडैमरुदूर या गावी जाऊ. नाव लांबलचक असले तरी अर्थ सोपा आहे. 'तिरु' म्हणजे श्री, 'इडै' म्हणजे मधला आणि 'मरुदु' म्हणजे अर्जुनवृक्ष, आपला अर्जुनसादडा. उत्तरेस श्रीशैलमचा मल्लिकार्जुन, दक्षिणेस तिरुनेलवेली जिल्ह्यातील तिरुप्पुडैमरुदूर आणि या दोहोंच्या मधले हे मध्यार्जुन क्षेत्र. येथील महालिंगस्वामींचे मंदिर दक्षिणेत सुप्रसिद्ध आहे. मराठी माणसालाही हे गाव सर्वस्वी परके नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास मराठी राज्य स्थापिले. त्या घराण्यातील अमरसिंह राजे १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर याच गावी येऊन राहिले आणि त्यांचा लहानसा दरबार येथे संगीताने गाजत राहिला.

परंतु आज आपले काम देवळात नाही, शिवारात आहे. कावेरीने व तिच्या फाट्यांनी शतकानुशतके आणून घातलेल्या गाळाचा हा प्रदेश. भात हे मुख्य पीक. शिवाय केळी, नारळ आणि पानमळे. कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील पानवेल हादग्यावर चढते. आपल्याकडच्या पानमळ्यांतही शेवरीबरोबर हादगा असतोच, त्यामुळे तो मळा पाहून मिरजेकडचा माणूस क्षणभर घरी आल्यासारखा होईल.

याच तालुक्यात आडुतुरै येथे १९२२ पासून भातसंशोधनाचे केंद्र आहे. १९६०-६१ मध्ये देशातील पहिल्या सात जिल्ह्यांत सघन शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तंजावर हा त्यांपैकी एक होता. पुढे महाराष्ट्रातील भंडारा जिल्हाही त्या कार्यक्रमात आला. आडुतुरैच्या केंद्राने दिलेली 'ए. डी. टी. २७' ही भाताची जात साठोत्तरी दशकाच्या मध्यास या खोऱ्यात पसरली. त्याच सुमारास देशात ट्रॅक्टर बनू लागले. १९५९ मध्ये फरीदाबादेस आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६० मध्ये मद्रासेस 'टॅफे' ही कंपनी स्थापन होऊन मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर येथेच तयार होऊ लागले. त्या घराण्यातील वयोवृद्ध ट्रॅक्टर तमिळनाडूत काय किंवा महाराष्ट्रात काय, अजूनही कामावर दिसतात. नांगरटीचे भारी काम नव्या ट्रॅक्टरांकडे गेले, तरी पाणी उपसणे, ओझी वाहणे आणि खांबांसाठी खड्डे घेणे ही कामे म्हाताऱ्याकडे राहतात. शेवटच्या कामासाठी त्याच्या पाठीमागे जे अवजार लावतात, त्याला इंग्रजीत काहीही म्हणोत, आपल्याला ते पाहताक्षणी ओळखू येईल. सुताराचे गिरमिटच ते, केवळ माणसाच्या छातीइतके उंच.

खड्ड्याचे गणित

एक एकराचा चौरस तुकडा घेतला, तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर व चारही बाजू मिळून सुमारे २५५ मीटर भरतात. दर ३ मीटरला एक खांब धरला, तरी कुंपणाला ८५ खांब लागतात. खांब सव्वादोन मीटरचा असेल, तर त्याचा एक तृतीयांश भाग, म्हणजे ७५ सेंटिमीटर, जमिनीत गेला पाहिजे. म्हणजे ८५ खड्डे, प्रत्येक पाऊण मीटर खोल.

हा खड्डा हाताने खणताना पहार आणि फावडे लागते. पहार माती फोडते, परंतु ती बाहेर काढण्यासाठी फावड्याला आत वळावयास जागा हवी. म्हणून ३० सेंटिमीटरचा खड्डा हवा असला, तरी तोंड ६० सेंटिमीटरचे होते. रुंदी दुप्पट झाली की माती चौपट होते, हे आपण शाळेत वर्तुळाच्या क्षेत्रफळात शिकलो आहोत. अरुंद खड्ड्यात ५३ लिटर माती निघते, ओली असल्यास नव्वदएक किलो. रुंद खड्ड्यात तीच दोनशे लिटरांच्या पलीकडे जाते. ज्यांना रुंद खड्डा नको असतो, ते पालथे पडून करवंटीने किंवा डब्याने माती उपसतात. दिवसभर असे काम केलेल्या माणसाच्या पाठीला ते गणित शिकवावे लागत नाही.

शिवाय रुंद खड्ड्यात रोवलेला खांब सभोवती मोकळ्या मातीत उभा असतो. अरुंद खड्ड्यात त्याला न हललेल्या जमिनीचा आधार मिळतो. गिरमिटाचा खरा फायदा वेळेच्या बचतीइतकाच या अरुंदपणात आहे. अनुकूल जमिनीत एक खड्डा एक-दोन मिनिटांत होतो व त्याची कड विहिरीच्या कठड्यासारखी गोल राहते.

म्हाताऱ्याचा स्वभाव

आयर्लंडच्या उत्तर भागातील शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) याने ट्रॅक्टर व अवजार तीन सांध्यांनी जोडण्याची पद्धत रूढ केली. त्यापूर्वी नांगर दगडाला अडकला की ट्रॅक्टर मागे उलटे आणि चालक खाली सापडे. तीन सांध्यांच्या जोडणीने तो धोका पुष्कळ कमी झाला. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे त्याचे पाच लाखांहून अधिक लहान करडे ट्रॅक्टर तयार झाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन. जगातील बहुतेक ट्रॅक्टरांची मागची जोडणी आज त्याच पद्धतीची असते. गिरमिट टांगले जाते ते या तीन सांध्यांवर.

त्याला फिरवतो तो ट्रॅक्टरच्या पाठीमागून बाहेर आलेला दांडा. इंग्रजी आद्याक्षरांवरून सर्वत्र त्याला पी. टी. ओ. म्हणतात. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. गिरमिटाच्या डोक्यावरच्या दातेरी चक्रांच्या पेटीत हा वेग साधारण तिपटीने कमी होतो व आडवे फिरणे उभे होते.

आता या जुन्या ट्रॅक्टराचे तीन स्वभावविशेष ध्यानात घ्यावे. पुढील सर्व गोष्टी त्यांवर अवलंबून आहेत.

पहिला असा, की त्याची लिफ्ट अवजाराला वर उचलते, पण खाली दाबू शकत नाही. गिरमिट जमिनीत उतरते ते आपल्या वजनाने व आपल्या मळसूत्राने.

दुसरा असा, की त्याला उलटे फिरणे ठाऊक नाही. लाकडात अडकलेले गिरमिट सुतार उलटे फिरवून सोडवितो. ट्रॅक्टरच्या दांड्याला एकच दिशा आहे.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. फर्ग्युसनच्या जुन्या घडणीत लिफ्टला तेल पुरविणारा पंपही त्याच पी. टी. ओ.च्या यंत्रणेवर चालतो. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की चाके, दांडा व पंप ही सर्व एकदम थांबतात. म्हणजे गिरमिट फिरत असेल तरच ते उचलता येते. फिरणे थांबले की उचलणेही थांबले.

तीन मोह

जमिनीचा वाफसा बरोबर असेल, तर हे स्वभावविशेष जाणवतही नाहीत. गिरमिट वीतभर खाली जाते, चालक ते उचलतो, पाती झटकून माती बाहेर पडते, पुन्हा वीतभर. चार-पाच उचलण्यांत खड्डा पुरा होतो. ट्रॅक्टरचे हात कमानीसारखे खाली येत असल्याने खड्डा किंचित तिरपा होऊ पाहतो. जाणता चालक ट्रॅक्टर बोटभर पुढेमागे घेऊन ते सावरतो. इंजिन तो मंदच ठेवतो. वेगाने खड्डा लवकर होत नाही, माती मात्र चोहीकडे उडते.

परंतु वाफसा नेहमी कोठून मिळणार? कावेरीच्या खोऱ्यात मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. पाणी आले की शिवार चिखलाचे होते. पोंगलच्या सुमारास भात निघू लागतो व त्यानंतरच्या उन्हाळ्यात कुंपणे, मांडव, नव्या बागा यांची कामे निघतात. तोवर तीच जमीन वाळून भेगाळलेली असते. सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत किंवा नाशिक-तासगावच्या द्राक्षमळ्यात मांडवाचे खांब रोवणाऱ्यांना मुरूम व दगड आडवे येतात. येथे वाळलेला चिकण गाळ आडवा येतो. आणि अशा वेळी तीन मोह पुढे उभे राहतात.

कठीण जमिनीवर गिरमिटाचे टोक नुसते खरडत राहते. लिफ्ट दाबत नाही, तेव्हा कोणीतरी म्हणतो, "जरा वर उभा राहा." मग एक माणूस फिरत्या दांड्याच्या वरच्या बाजूस असलेल्या आडव्या हातावर आपले वजन टाकतो. हा पहिला मोह. त्याच्या पायाखाली वीतभर अंतरावर दांडा फिरत असतो. याला खरा उपाय आदल्या संध्याकाळचा आहे: खुणा करून प्रत्येक जागी घागरभर पाणी जिरवून ठेवावे आणि टोकाची पाती धार लावून घ्यावीत.

ओलसर चिकण मातीत याच्या उलट होते. गिरमिट स्क्रूसारखे सरळ आत शिरते आणि मातीसकट अडकते. लिफ्ट ते उचलू शकत नाही. क्लच दाबला तर लिफ्टच थांबते. तेव्हा ते फिरते ठेवून लिफ्ट ओढावयाची आणि त्याच वेळी खालच्या माणसाने पहारीने भोवतालची माती सैल करावयाची, असा दुसरा मोह होतो. म्हाताऱ्याच्या घडणीमुळेच हा मोह उत्पन्न होतो, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. फिरत्या पात्याने पहार पकडली, तर ती पहार धरणाऱ्याच्या हाती राहत नाही. याला उपाय एकच व तो हळू आहे. इंजिन बंद करावे, चावी काढून खिशात ठेवावी, मोठ्या पाइप-पान्याने गिरमिट हाताने दोनतीन फेरे उलटे फिरवावे, पाना काढून घ्यावा, सर्वांनी मागे सरावे आणि मगच इंजिन सुरू करून लिफ्ट उचलावी. यात पाच मिनिटे जातात.

तिसरा मोह एका बोल्टाचा आहे. दांडा व गिरमिट यांच्या मध्ये मुद्दाम कच्चा ठेवलेला बोल्ट असतो. दगड किंवा मूळ आडवे आले की तो तुटतो आणि पेटी वाचते. घरातील विजेच्या फ्यूजचेच हे काम. दिवसातून चार वेळा तो तुटला की माणूस कंटाळतो व हाताला सापडेल तो पोलादी बोल्ट बसवितो. त्यामुळे पेटी फुटते, हे नुकसान झाले. त्याहून वाईट असे, की हा बोल्ट बहुधा लांब असतो व त्याचे टोक बाहेर राहते. फिरणाऱ्या दांड्यावर बाहेर आलेले टोक म्हणजे कपडा पकडणारा आकडाच.

मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. दांडा ७ सेंटिमीटर जाडीचा धरला, तर एका फेऱ्यात त्यावर २२ सेंटिमीटर कापड गुंडाळले जाते. एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर. वेष्टीचा सोगा, लुंगी, खांद्यावरचा पंचा, साडीचा पदर यांपैकी काहीही एकदा त्यात गेले, तर 'थांब' हा शब्द तोंडातून पुरता निघण्याआधी सारे होऊन चुकते. म्हणूनच दांड्यावर झाकण असते. जुन्या ट्रॅक्टरांवर ते पुष्कळदा नसते. ग्रीस भरताना अडचण होते म्हणून कोणीतरी कधीतरी काढून ठेवलेले असते. अशी झाकणे अवजारांच्या दुकानांत मिळतात व ट्रॅक्टरच्या मानाने त्यांची किंमत किरकोळ असते.

बघे कोण?

येथे प्रस्तुत लेखकाला आपली एक चूक सांगावयाची आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका अवजाराच्या माहितीपुस्तिकेचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्याच्याकडे आले होते. मूळ इंग्रजीत दोनच माणसे होती: एक 'ऑपरेटर' आणि दुसरा 'बायस्टँडर'. पहिल्याला 'चालक' हा शब्द तयारच होता. दुसऱ्याला त्याने 'बघे' असा शब्द योजिला आणि 'बघ्यांनी दूर उभे राहावे' असे वाक्य लिहून तो पुढे गेला. वाक्य शुद्ध होते. भाषांतर छापून आले.

पुढे प्रत्यक्ष काम चाललेले पाहिले तेव्हा ध्यानात आले, की आपल्या शेतात बघे कोणी नसतात. ज्या देशात ती पुस्तिका लिहिली गेली, तेथे एकटा माणूस ट्रॅक्टरवर बसून कुंपणाचे सर्व खड्डे घेतो. जवळ आलेला दुसरा खरोखरच पाहणारा असतो. आपल्याकडे चालक एक व खड्ड्यापाशी दुसरा, असेच काम चालते. खुणेवर टोक आणून ठेवणे, खड्डा ओळंब्यात आहे की नाही पाहणे, कडेची माती ओढणे, खोली मोजणे हे सर्व तो दुसरा करतो. तो अर्धे यंत्रच असतो. पण पुस्तिका त्याच्याशी बोलत नाही. ती मालकाच्या कपाटात असते आणि सूचनांचा पत्रा दांड्याजवळ इंग्रजीत रंगविलेला असतो. ज्याला धोका नाही त्याला सर्व माहिती, आणि ज्याला धोका आहे त्याच्या वाट्याला 'बघे' हा शब्द. त्या शब्दाचा दोष पुस्तिकेचा जितका, तितकाच भाषांतर करणाऱ्याचा.

मळणीयंत्रात हात जाऊन पुष्कळांना अपंगत्व आल्यानंतर आपल्या देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. कायदा हवाच. परंतु शेताच्या बांधावर कायदा उभा राहत नाही. तेथे दोन माणसे उभी असतात, आणि ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने आणलेला असला तर तिसरा मालक घड्याळाकडे पाहत उभा असतो. त्या तिघांमध्ये थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

याचे उत्तर तिरुविडैमरुदूरच्या लोकांना कोणी बाहेरून सांगावे असे नाही. पोंगलनंतर तैपूसमच्या उत्सवात तेथे देवाचे रथ निघतात. दोर ओढणारे शेकडो असतात. पण दक्षिणेत सर्वत्र रथ वळतो आणि थांबतो तो चाकापाशी लाकडी पाचर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या इशाऱ्यावर. आपल्या जळगावच्या रामाच्या रथालाही मोगरी लावणारे असतात व त्यांच्याच हाती रथाची दिशा असते. रथ कितीही मोठा असो, चाकाजवळ जो आहे त्याचा शब्द शेवटचा. चाक त्यालाच दिसते आणि चुकले तर पायही त्याचाच जातो.

हाच नियम खड्ड्याला लावावा. थांबविण्याचा अधिकार खड्ड्यापाशी उभा असलेल्याचा. त्याने हात वर केला की चालकाने कारण न विचारता क्लच दाबावा. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू जात नाही, म्हणून खूण हाताचीच असावी. उंच केलेल्या पंजाला भाषांतर लागत नाही. तमिळ चालक व परप्रांतीचा मजूर यांनाही तो सारखाच कळतो. आणि त्या दुसऱ्याने गिरमिट फिरत असताना दोन पावलांच्या आत येऊ नये. माती ओढावयाची ती ते पुरते थांबल्यावर. कपडे अंगाबरोबर खोचलेले, पंचा खांद्यावरून काढून झाडाला टांगलेला आणि मुले घरी. एवढे पाळले तर ८५ खड्ड्यांना तासभर अधिक लागेल. तासाचे भाडे भरून येते.

खड्डा झाल्यावर

खड्डा झाला म्हणजे काम झाले असे नाही. खांब उभा करून माती एकदम लोटू नये. वीतभर माती, मग पहारीच्या बोथट टोकाने ठोकणे, पुन्हा वीतभर, असे वरपर्यंत यावे. बांधकामातील धुमस जसा थरावर चालतो तसेच हे. बाहेर काढलेली बहुतेक सर्व माती अशा रीतीने परत आत मावली, तर खांब पक्का बसला असे समजावे.

याचे महत्त्व कावेरीच्या खोऱ्याने जवळून पाहिले आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या बाजूंना नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या आणि एकंदर वादळग्रस्त भागात एक लाखाहून अधिक विजेचे खांब पडले. ते पुन्हा उभे करावयाचे म्हणजे तितकेच खड्डे पुन्हा घ्यावयाचे. विजेच्या खांबाचा सहावा हिस्सा जमिनीत असावा, असा सामान्य नियम आहे. ९ मीटरच्या खांबाला दीड मीटर. त्या दिवसांत खेड्यांनी अंधारात वाट पाहिली ती आधी खड्ड्याची, मग खांबाची आणि शेवटी दिव्याची.

झाडासाठी खड्डा घ्यावयाचा असेल, तर एक गोष्ट उलट करावी लागते. चिकण मातीत गिरमिटाची पाती खड्ड्याची बाजू कुंभाराच्या मडक्यासारखी गुळगुळीत करतात. खांबाला ते चालते. कोवळे मूळ मात्र त्या भिंतीत शिरत नाही व कुंडीतल्यासारखे आतल्या आत वळत राहते. म्हणून नारळ, आंबा किंवा डाळिंब लावण्यापूर्वी बाजू पहारीने खरवडून खडबडीत कराव्या.

गावठाणात खणताना खाली नळाची वाहिनी किंवा विजेची तार नाही ना, हे आधी विचारावे. आणि संध्याकाळी जितके खड्डे खांबावाचून राहिले असतील, तितके फळीने किंवा दगडाने झाकावे. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मणप्पारैजवळ उघड्या कूपनलिकेत पडून दोन वर्षांच्या बालकाचा अंत झाला, तेव्हा सारा देश चार दिवस श्वास रोखून होता. आपला खड्डा तितका खोल नाही हे खरे. पण रांगणाऱ्या मुलाला किंवा वासराला पाऊण मीटरही पुरते.

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी ट्रॅक्टर असेल, काहींच्या घरी तो भाड्याने येत असेल, आणि काहींचा त्याच्याशी संबंध अंगणातल्या मांडवापुरताच असेल. ज्यांना वाचता येते त्यांनी एवढे करावे, की पुढच्या वेळी खड्डे घ्यावयाचे असतील तेव्हा इंजिन सुरू होण्यापूर्वी त्या दोघांना समोर बसवून वरील तीन मोह मोठ्याने वाचून दाखवावे आणि हाताची खूण ठरवून घ्यावी. दांड्यावर झाकण नसेल, तर ते बसेपर्यंत काम सुरू होऊ देऊ नये.

पुस्तिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत 'बघे' हा शब्द बदलला आहे. तेथे आता 'जोडीदार' असे छापले आहे, आणि त्याच्याविषयीची सूचना चालकाच्या सूचनेच्या आधी घातली आहे.